परत जायचं गाव

“गाव कुठलं तुमचं?”

वाटवे काकांनी चष्म्याच्या वरून अभिरामकडे बघत विचारलं आणि मला हसूच फुटलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, कोलंबस नावाच्या गावात, सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या खोलीत हा माणूस आमचे इन्कम टॅक्सचे कागद पुढ्यात घेऊन बसलेला, आणि पहिला प्रश्न कोणता, तर हा. मराठी माणूस कुठंही जाऊन पोचो, दुसऱ्या मराठी माणसाचं गाव कळल्याशिवाय त्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही.

“टेक्सास,” अभिराम म्हणाला.

काकांचं पेन थांबलं. “ते झालं कागदावरचं. मी गाव विचारतोय. सबनीस म्हणजे कुठले सबनीस?”

“टेक्सासच.”

त्याचा आवाज मला ठाऊक होता, म्हणून मी घाईनं मध्ये पडले. “दापोलीचे हे, काका. आणि मी मिरजेची.”

“मिरज! अहो, मग आधी नाही का सांगायचं? मी सांगलीचा! विक्रीकर खात्यात उभी हयात गेली माझी. ब्राह्मणपुरीत आमची थोरली बहीण दिलेली. तू कुठली, किल्ल्याकडची का?”

एका दमात मी ‘तुम्ही’ची ‘तू’ झाले होते. मला फार बरं वाटलं. दोन-अडीच वर्षांत मला असं ‘तू’ कुणी म्हटलं नव्हतं. अभिराम म्हणायचा, पण त्याला हल्ली मला काही म्हणायची वेळच फारशी यायची नाही.

काकांचा जावई गावालगतच्या लष्करी छावणीतल्या दवाखान्यात डॉक्टर होता. काका लेकीकडे राहायला आलेले, पण घरात बसवेना. आयुष्यभर लोकांकडून कर वसूल केला, आता लोकांचा वाचवून पाप फेडतो, असं म्हणत ते दर शनिवारी वाचनालयात बसून शिपायांचे आणि म्हाताऱ्यांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून द्यायचे. त्यासाठी इथली परीक्षाही त्यांनी दिली होती. त्यांच्याबद्दल मला पाळणाघरातल्या एका बाईनं सांगितलं होतं. मी त्या पाळणाघरात नोकरी करत होते. छावणीतल्या शिपायांची पोरं सांभाळायची, त्यांची नाकं पुसायची आणि बाबा कधी येणार विचारलं की लवकरच म्हणायचं.

अभिराम शिपाई होता. म्हणजे शिकायला आला होता तो, पण शिकून झालं तेव्हा नोकऱ्या नव्हत्या. त्या काळात इथलं लष्कर परकी भाषा येणाऱ्या पोरांना घेत होतं आणि नागरिकत्व देत होतं. हा भरती झाला. मग मिरजेला येऊन माझ्याशी लग्न केलं, मला इथं आणलं, आणि आमचा संसार जेमतेम मांडून होतोय तोवर त्याला अफगाणिस्तानला पाठवलं. तो तिकडे असताना त्याची आई गेली. त्याला जाता आलं नाही. वर्ष सरायच्या आत थोरल्या भावानं दापोलीचं घर विकलं आणि ते फोनवर कळवलं.

तो परत आला त्याला आता वर्ष होत आलं होतं. आल्यापासून तो बाहेरच्या खोलीत कोचावर झोपायचा, पायांतले बूट न काढता. मी काही बोलायचे नाही. वेळ लागतो, असं सगळेच म्हणायचे. मी त्याच्या आवडीचं करायचे, तो जेवायचा, छान झालंय म्हणायचा, ताट विसळून ठेवायचा. पाहुणे वागतात तसा अगदी शहाण्यासारखा वागायचा. आणि मी रोज संध्याकाळी गाडीचा आवाज आला की दार उघडून उभी राहायचे.

जानेवारीत एकदा भांडी विसळता विसळताच तो म्हणाला, “जूनमध्ये कोरियाला जायचंय. एक वर्ष. बायकांना नेता येत नाही तिकडे.”

मी रडले, मग डोळे पुसले. हुकूम तो हुकूम, त्याला हा बिचारा तरी काय करणार? पण मनातून मी हरायला तयार नव्हते. टॅक्सचे पैसे परत मिळाले की त्यातून कोरियाचं तिकीट काढायचं आणि दिवाळीला त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. राहता येत नसेल, चार दिवस भेटता तर येईल? एवढी एकच आशा धरून मी त्या शनिवारी त्याला वाचनालयात ओढून आणलं होतं.

“आता बघ,” काका मला समजावायला लागले, “इथं दिल्लीचा कर वेगळा आणि राज्याचा वेगळा. दिल्ली म्हणजे आपलं ते, वॉशिंग्टन. तो कर तर कुणालाच चुकत नाही. घोडं अडतं ते राज्याच्या करापाशी. शिपायाला सरकार आज इथं टाकतं, उद्या तिथं. मग कुठल्या राज्यानं त्याच्याकडून कर घ्यायचा? तर कायदा म्हणतो, तू राहतोस कुठं ते मला सांगू नको. हे सगळं संपल्यावर परत कुठं जायचं तुझ्या मनात आहे, ते सांग. ते तुझं राज्य.”

“म्हणजे गावच की, काका.”

“गावच! मी काय वेगळं विचारत होतो? आणि टेक्सासात राज्याचा करच नाही. म्हणून ही सगळी पोरं तिथं चार महिने काढतात, तिथलं लायसन्स घेतात, मतदार होतात, आणि जन्मभर टेक्सासची म्हणून मिरवतात. तुमच्या यांनीही तेच केलंय. बरोबर ना, सबनीस?”

अभिरामनं मान हलवली.

“पण मी तर टेक्सास पाहिलंसुद्धा नाही,” मी म्हणाले.

“नसेना का! बायकोला नवऱ्याचं राज्य घेता येतं. हा कायदा आपल्याच कुणा आत्याबाईनं यांना लिहून दिलाय बघ. लग्न झालं की नवऱ्याचं गाव ते तुझं गाव, पाहिलेलं असो की नसो.” काका आपल्याच बोलण्यावर खुशीत हसले. “तुझ्या पाळणाघरानं पगारातून जॉर्जियाचा कर कापलाय तो सगळा परत मागू. पण एक अट आहे. तू इथं निव्वळ नवऱ्यामुळे आलेली पाहिजेस. त्याची बदली झाली म्हणून, त्याच्याबरोबर राहायला. तेव्हा आता नीट सांग, मला विचारावं लागतं. तू इथं कशासाठी राहतेस?”

“यांच्यासाठी.”

“दुसरं काही कारण? नोकरी, नातेवाईक, जमीनजुमला?”

“काही नाही, काका. यांच्याशिवाय माझं इथं आहे कोण?”

मी हे हसत हसत म्हटलं, थोडं लाजूनच, लग्नात नाव घेतात तसं. चारचौघांत, त्यातून सांगलीच्या वडीलधाऱ्या माणसासमोर, आपण कुणाचे आहोत ते सांगायला मिळालं याचंच मला कौतुक. अभिराम टेबलावरच्या लाकडाची रेघ नखानं कोरत होता.

“आणि तुम्ही, सबनीस? सेवा संपली की टेक्सासला परत जायचा इरादा आहे ना? नुसतं हो म्हणा.”

“परत जाण्यासारखं काही नाहीये, काका. कुठंच.”

“अहो, असं म्हणून चालत नाही.”

“मग लिहा टेक्सास.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनीच ‘दमलेत’ असं म्हटलं. त्यांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. मधून मधून ते गुणगुणत होते. खिडकीबाहेर पांढऱ्या फुलांनी झाडं भरली होती आणि त्यांच्या बुडाशी माती लाल, अगदी दापोलीसारखी. पहिल्या दिवशी विमानतळावरून येताना मी ते अभिरामला दाखवलं होतं. तेव्हा तो हसला होता आणि गाडी थांबवून, खाली वाकून त्यानं चिमूटभर माती माझ्या तळहातावर ठेवली होती.

“झालं,” काका म्हणाले. “पुढच्या वर्षी थोडं लवकर या. शेवटी शेवटी फार गर्दी होते.”

“पुढच्या वर्षी मी एकटीच येईन. हे जूनमध्ये कोरियाला चाललेत.”

“आणि तू?”

“मला नेता येत नाही ना.”

“कोण म्हणतं?”

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आपल्या माणसाचं काम अडलंय असं दिसल्यावर आपल्याकडच्या माणसाला जो हुरूप चढतो, तो त्यांना चढला.

“अहो, माझ्या जावयाचा शेजारी गेला की मागच्या वर्षी! बायको, दोन पोरं आणि कुत्रंसुद्धा नेलं. फक्त एकाऐवजी दोन वर्षं राहायचं कबूल करायचं आणि अर्ज टाकायचा. तुम्ही अर्ज केला नसेल, सबनीस. तिथंच घोडं पेंड खातंय.”

“आमच्या युनिटला लागू नाही ते.”

“असं कसं? तो तुमच्याच युनिटचा होता. हे बघा, वेळ अजून गेलेली नाही. तुम्हा पोरांना कुणी नीट सांगत नाही, हीच खरी अडचण. थांबा, मी आत्ता जावयालाच फोन लावतो. एका मिनिटात निकाल.”

“नको.”

“अहो, संकोच कसला त्यात? आपलाच माणूस आहे.”

“काका, नको म्हटलं ना!”

पलीकडच्या टेबलावरची म्हातारी मान वळवून बघायला लागली. काकांच्या हातातला फोन हातातच राहिला. त्यांनी आधी अभिरामकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. भल्या माणसाला आपण काय करून बसलो ते कळतं तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

“इथं सही कर, बाळ.”

मी सही केली. अभिरामनंही केली. आम्ही दोघं टेक्सासचे झालो.

गाडीत बसल्यावर त्यानं चावी फिरवली नाही. मीही पट्टा लावला नाही.

“नेता येतं?” मी विचारलं.

“हो.”

“अर्ज केला नाहीस?”

“नाही.”

“विसरलास का?”

मी त्याला पळवाट काढून देत होते. तो हो म्हणाला असता तर मी त्याच क्षणी विश्वास ठेवला असता, घरी जाऊन त्याच्या आवडीची सोलकढी केली असती आणि सोमवारी स्वतः जाऊन तो अर्ज आणला असता. माझी तेवढी तयारी होती. मला सत्य नको होतं, मला तो हवा होता.

“नाही,” तो म्हणाला.

“मग का?”

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. समोरून एक शिपाई लहान पोरीला खांद्यावर घेऊन वाचनालयात चालला होता. पोरीनं त्याचे कान धरले होते.

“तू दारात उभी असतेस,” अभिराम म्हणाला.

“म्हणजे?”

“रोज. मी गाडी लावतो तेव्हा तू दार उघडून उभी असतेस. आणि माझ्याकडे बघतेस. आज तरी हा परत आलाय का, म्हणून बघतेस. मग मी आत येतो, जेवतो, छान झालंय म्हणतो, आणि तुझ्या चेहऱ्यावर येतं की नाही, आजही नाही आला. मी नाही आलो गं, वृंदा. मला येताच येत नाही. आणि तुला रोज ते नव्यानं कळतं, ते मला बघवत नाही.”

एवढं सलग तो वर्षभरात बोलला नव्हता. ते ऐकताना, खरं सांगते, क्षणभर मला आनंदच झाला की हा बोलतोय. मग शब्द पोचले.

“मी नाही उभी राहणार दारात,” मी म्हणाले. “आतच थांबेन. स्वयंपाकघरातून बाहेरच येणार नाही. तू आलास की नाही तेसुद्धा बघणार नाही. मला फक्त ने.”

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. इतक्या मायेनं त्यानं मला लग्नातही पाहिलं नव्हतं.

“मला माहितीये, तू तसंही करशील,” तो म्हणाला. “मला तेच नकोय.”

त्यानं गाडी सुरू केली. वाटेत दूध आणि पाव घेतला. दूध कुठलं घ्यायचं ते त्यानं मला विचारलं आणि मी सांगितलं.

जूनपर्यंत आम्ही एका घरात राहिलो. मी दारात उभी राहायचं बंद केलं. गाडीचा आवाज आला की मी नळ सोडायचे. त्यानं काहीच फरक पडला नाही. तो गेला त्या दिवशी मैदानावर बाकीच्यांच्या बायका झेंडे घेऊन उभ्या होत्या, पोरं रडत होती, त्यातली निम्मी माझ्याच पाळणाघरातली. ती मला बिलगली. अभिरामनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि “जपून राहा” म्हणाला. मोठी माणसं परगावी निघताना लहानांना म्हणतात, तसं.

परत मिळालेल्या पैशांतून मी तिकीट काढलं नाही. कोरियातलं वर्ष संपत आलं तेव्हा त्यानं स्वतःहून आणखी एक वर्ष मागून घेतलं. पुढं तो जर्मनीला गेला. तिथून वकिलाचे कागद आले. त्याला काही नको होतं, सगळं मला ठेवलं होतं. भांडायला तरी काही ठेवायचं होतं त्यानं!

पण वकिलाच्या कागदांपेक्षा माझ्या मनात राहिला तो मधला फेब्रुवारी, तो गेल्यानंतरचा पहिला. मी पुन्हा वाटवे काकांच्या टेबलापुढे बसले. सबंध वर्ष मी त्यांना टाळलं होतं. त्यांचा मला राग होता. त्यांनी तोंड उघडलं नसतं तर मी फसलेली राहिले असते, पण निदान जूनपर्यंत सुखात राहिले असते. त्यांनाही ते ठाऊक होतं. या वेळी त्यांनी गाव विचारलं नाही, की गुणगुणले नाहीत.

“मिरजेला नाही गेलीस?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“वडील गेले मागच्या पावसाळ्यात. घरी आता भाऊ आणि वहिनी. माझी खोली भाच्याला दिली त्यांनी. महिनाभर ये म्हणतात.”

महिनाभर माहेरपणाला ये म्हणणं आणि घरी ये म्हणणं यांतला फरक काकांना कुणी सांगायला नको होता. त्यांनी खाली मान घालून एक-दोन रकाने भरले, मग पेन ठेवलं.

“मला विचारावं लागतंय, पोरी. रागावू नको. तू आता इथं कशासाठी राहतेस?”

मी उत्तर शोधलं. अगदी मनापासून शोधलं. खिडकीबाहेर तीच झाडं तशीच फुलली होती.

“पाळणाघर आहे,” मी म्हणाले.

“म्हणजे नोकरी.”

“हो. नोकरी.”

“सबनीस परत इथं येतील? किंवा तू त्यांच्याकडे?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मग टेक्सास लिहिता यायचं नाही,” काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. “जॉर्जियाच लिहावं लागेल.”

“लिहा.”

ज्या गावात मी फक्त त्याच्यासाठी आले होते, त्या गावची मी तो नसल्यामुळे झाले. कायद्यानं. आत्याबाईंच्या कायद्यात याची काही सोय असेल असं मला कुठंतरी वाटत होतं, पण नवऱ्याचं गाव सुटलं की बाईला कुठलं गाव मिळतं हे आपल्याकडेही कुणी कधी सांगितलेलं नाही. ती जिथं उभी असेल, तेच तिचं.

काका दोन वर्षांनी सांगलीला परत गेले. त्यांना परत जायला गाव होतं. जाताना त्यांनी मला फोन केला. सांगलीला आलीस की ये, एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं.

मी अजून कोलंबसलाच आहे. पाळणाघर आता मीच चालवते. घर बदललं. नवं घर इमारतीच्या मागच्या बाजूला आहे, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज तिथं येत नाही. वर्षातून एकदा, गणपतीला, मी अटलांटाला मंडळात जाते. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणीतरी नवी मुलगी असतेच, हातात हिरवा चुडा, नुकतीच आलेली, आपलं माणूस दिसलं म्हणून चेहरा उजळलेला. ती विचारते, “मावशी, गाव कुठलं तुमचं?”

“कोलंबस,” मी म्हणते.

ती हसते. “तसं नाही हो, मूळचं गाव विचारतेय मी.”

मिरज अगदी ओठांवर येते. दापोलीसुद्धा येते. मग मला त्या मागच्या खोलीत टेबलाची रेघ कोरत बसलेला अभिराम आठवतो आणि ‘परत जाण्यासारखं काही नाहीये’ म्हणाला तेव्हा तो खोटं बोलत नव्हता हे कळतं.

“तेच,” मी म्हणते, आणि प्रसादासाठी हात पुढं करते.